फौजदारसाहेबांनी वाचायला दिलेली पुस्तके

लिहायला बसलो खरा, पण लिहिण्याचा मला अधिकार काय, हे अजून कळत नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी शाळेची पायरी चढले नव्हते. कॉलेजात आलो तरी चार माणसांत बोलताना जीभ अडखळते, आणि लिहिताना तर प्रत्येक ओळ कुणीतरी खोडील असे वाटत राहते. तेव्हा जे चुकेल ते वाचकांनी पदरात घ्यावे. हे सगळे माझ्यापेक्षा चांगले लिहिणारा कुणी आमच्या गावात असता तर मी लिहिले नसते.

आमचे गाव मुरबाडहून टोकावड्याकडे जाताना रस्ता सोडून आत, डोंगराच्या अंगाला आहे. भात, नाचणी, वरई, एवढेच आमचे जग. मला शाळेत घालण्याचा हट्ट माझ्या मामाचा. बा तयार नव्हता. मामा ओहोळापलीकडच्या वाडीत राही. त्याला स्वतःला अक्षर येत नव्हते, पण मी मॅट्रिक झालो त्या दिवशी त्याने वाडीभर गूळ वाटला.

मुंबईच्या कॉलेजातल्या पहिल्या उन्हाळी सुट्टीत मी मुरबाडला मोटारीतून उतरलो, तेव्हा माझ्या हातात इंग्रजी पुस्तक होते. ते पाहून तिथल्या फौजदारांनी मला हाक मारली. ते देशावरचे, नवेच बदलून आलेले. "इंग्रजी वाचता? मग हे वाचा," म्हणून त्यांनी आपल्या ट्रंकेतून एक कादंबरी काढून दिली. ती वाचून परत नेली की दुसरी मिळे. एवढा मोठा सरकारी अंमलदार मला खुर्ची देई आणि विचारी, "काय विद्यार्थी, खुनी ओळखलात का?" माझ्या आयुष्यात असा मान मला कुणी दिला नव्हता.

त्या पुस्तकांत नेहमी एक इंग्रजी खेडे असे. चर्च, एक म्हातारा कर्नल, गुलाबांच्या कुंपणाआड राहणाऱ्या दोन अविवाहित बहिणी, आणि पहिल्याच प्रकरणात एक प्रेत. मग लंडनहून पोलीस इन्स्पेक्टर येई. तो कुणावर हात उगारत नसे. स्वयंपाकिणीसमोरही टोपी काढी, तिने दिलेला चहा पिई आणि ती जे बोलली ते तिच्याच शब्दांत ध्यानात ठेवी. शेवटच्या प्रकरणात सगळ्यांना दिवाणखान्यात बसवून तो खरे काय ते सांगे. मला त्यातले खून आवडत नसत. मला ती स्वयंपाकीण आवडे. अडाणी बाईच्या बोलण्याला कुणी सरकारी माणूस इतकी किंमत देतो, हे मी प्रथमच वाचत होतो.

मामा राबासाठी, म्हणजे भाताचे रोप टाकायची जमीन भाजायला, शेणी फोडत बसला की मी त्याला या गोष्टी सांगे.

"आन् त्या कर्नलाचं दहावं-बारावं?" मामा विचारी.

"ते पुस्तकात नाही."

"कावळा शिवला का नाय, तेपन नाय? मग पुस्तक अर्धंच रे. आन् तो तुजा इन्स्पेक्टर कोंबडी नाय मागत?"

"नाही मागत, मामा."

"मग तो फौजदार नाय. कोनीतरी सोंग घेऊन आला असंल, नीट वाच."

त्या पावसाळ्याच्या तोंडी फौजदारसाहेब फिरतीवर आमच्या गावी आले आणि आमच्याच घरी जेवले. निघताना आईने दाराआडून मला सांगितले, "सायबांची वाट लावून ये रे."

साहेब चपला घालता घालता थबकले. मी घाईघाईने खुलासा केला. आमच्याकडे पाहुण्याला एकटे सोडत नाहीत. त्याच्याबरोबर ओहोळापर्यंत चालायचे, त्याने पाणी ओलांडले की मागे फिरायचे. याला वाट लावणे म्हणतात. नाही लावली तर घराला बोल लागतो. साहेब डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. "आई, हे आमच्याकडे देशावर म्हणाला असतात, तर मला तुम्हाला पकडावं लागलं असतं!" पुढे मी पुस्तक परत करायला गेलो की ते न चुकता विचारीत, "काय विद्यार्थी, आज आमची वाट लावायला येणार ना?" आणि आम्ही दोघेही हसत असू.

दिवाळीच्या सुट्टीत मी घरी असताना जंगलातल्या कोळशाच्या भट्ट्यांवरचा मुकादम ओहोळात मरून पडलेला सापडला. डोके फुटलेले होते. आदल्या दिवशी दुपारी तो मामाकडे जेवला होता. भट्ट्यांच्या ठेकेदाराशी त्याचे वाजले होते असे लोक आपसांत बोलत, पण पोलीस आले म्हटल्यावर निम्मी वाडी रानात गेली. मामा गेला नाही. "माज्या घरी जेवला मानूस. मी नाय सांगनार तर कोन सांगंल?" मी निर्धास्त होतो. चौकशीला आमचे फौजदारसाहेब आले होते.

चावडीत जबाब घेताना त्यांनी मला बाहेर बसायला सांगितले. आतले सगळे ऐकू येत होते.

"जेवला, पान खाल्ला," मामा सांगत होता, "मंग मी त्याची वाट लावली, ओहळापतूर."

"काय केलंत?"

"वाट लावली."

"कुणी लावली?"

"मीच. दुसरा कोन लावनार? घर माजं."

साहेब आता हसतील म्हणून मी थांबलो होतो. ते हसले नाहीत. कागदावर टाक फिरल्याचा आवाज मात्र आला. मग त्यांनी लिहिलेले वाचून दाखवले. 'मुकादमाची मीच वाट लावली.' त्यात ओहोळ नव्हता. मामा म्हणाला, "बराबर हाय," आणि त्याने अंगठा उठवला.

त्याला बेड्या घालून बाहेर आणले तेव्हा मी पुढे झालो. "साहेब, तुम्हाला ठाऊक आहे ना, वाट लावणे म्हणजे..."

"विद्यार्थी, तुम्ही अभ्यासाकडे लक्ष द्या," ते म्हणाले, आणि चिंचेखाली उभ्या असलेल्या ठेकेदाराच्या मोटारीत बसून गेले.

पोलिसांपुढची कबुली कोर्टात चालत नाही, असे वकिलाने आम्हाला सांगितले तेव्हा बा रडायचा थांबला. पण मॅजिस्ट्रेटपुढेही मामा तेच बोलला. त्यांनी दोनदा विचारले, त्याने दोनदा सांगितले. ते परभाषिक होते, आणि त्यांच्या इंग्रजीत त्या वाक्याचा अर्थ 'मी त्याला संपवले' असा उतरला. वकिलाने मामाला तुरुंगात जाऊन समजावले, "पुढच्या कोर्टात 'पोचवला' म्हण."

मामा म्हणाला, "पन मी वाट लावली, वकीलसायेब. देवाची शपथ घेऊन शब्द कशाला बदलू?"

खटल्यात मी साक्ष दिली. आमच्याकडे या शब्दाचा अर्थ काय, ते जमेल तसे सांगितले. सरकारी वकिलाने हसून विचारले, "तुम्ही खुनाच्या इंग्रजी कादंबऱ्या वाचता, हे खरं ना? त्यातलंच हे एखादं प्रकरण असेल." लोक हसले. मी ती पुस्तके वाचतो, हे घराबाहेर एकाच माणसाला माहीत होते.

मग फौजदारसाहेब साक्षीदाराच्या पिंजऱ्यात आले. आमच्या वकिलाने विचारले, "या भागात वाट लावणे याचा काही वेगळा अर्थ आहे का?"

"माझ्या ऐकण्यात नाही," ते म्हणाले.

हे बोलताना त्यांनी मान खाली घातली असती तर मला थोडे बरे वाटले असते. त्यांनी माझ्याकडे पाहिले, ओळखीच्या माणसाकडे पाहावे तसे, आणि रुमालाने कपाळ पुसले.

मामाला जन्मठेप झाली. मुकादमाला कुणी मारले, हे मला आजही माहीत नाही. आमच्या गावाला शेवटचे प्रकरणच नव्हते. मी त्या इंग्रजी इन्स्पेक्टरवर रागावलो, मग लाजलो, कारण तो बिचारा कागदावरचा. पण मला खुर्ची देऊन बसवणारा माणूस कागदावरचा नव्हता. एवढी पुस्तके वाचून त्याला शब्दाची किंमत कळली होती. ती त्याने कशासाठी वापरली, ते मी पाहिले.

वकिलाने मुंबईला अपील केले. मोठे न्यायाधीश भाषेच्या जाणकाराला बोलावतील, मामा नक्की सुटेल, असे तो म्हणे. तो सबंध पावसाळा मी त्याच एका आशेवर काढला. वर्गात बसे, पण कानावर पडलेले मनात शिरत नसे.

भादवा सरताना एके सकाळी बा माझ्या वसतिगृहाच्या दारात येऊन उभा राहिला. तो मुंबईला कधी आला नव्हता. चपला हातात धरल्या होत्या, आत यावे की नाही हे त्याला कळत नव्हते.

"मामा सुटला," तो म्हणाला.

मी उडीच मारली. खोलीतल्या मित्राला हाक मारली, बाचा हात धरून त्याला खाटेवर बसवले. "कधी? अपिलाचा निकाल लागला? घरी आला का?"

बाने चपला खाली ठेवल्या.

"घरी कसा येल रे? तुरुंगातच सुटला. हगवन लागली होती. आमाला सांगावा आला, तवा त्याला जाळूनपन झाला होता."