मालकाच्या वडिलांची रायफल

कतारमधल्या उम्म सलाल मोहम्मद या गावातल्या एका शेतावर मी फिटर आहे. पंप, जनरेटर, फाटकाच्या बिजागऱ्या, सगळं माझ्याच गळ्यात. मालक म्हातारा, नजर अधू झालेली. आम्ही सगळे त्याला बाबा म्हणतो. गेल्या हिवाळ्यात एका सकाळी तो स्वतः शेडमध्ये आला. हातात चादरीत गुंडाळलेली जुनी शिकारीची रायफल होती.

"माझ्या वडिलांची," तो हिंदीत म्हणाला. "लिव्हर अडकलाय. मला गोळी झाडायची नाही. पूर्वीसारखी उघडमीट झाली की बस. तो आवाज ऐकायचाय."

घोड्याखाली कडीसारखा लिव्हर होता. तो खाली ओढून वर घेतला की नवं काडतूस नळीत जायचं. आता तो अर्ध्यावर घट्ट बसला होता. बंदूक मी जन्मात उघडली नव्हती. तरी म्हणालो, "होईल, बाबा."

नळी वाळूच्या ढिगाकडे वळवून आत टॉर्च मारला. एक काडतूस आडवं अडकलं होतं. स्क्रूंवर तेल सोडून दोन दिवस थांबलो, मग लिव्हर सोडवला आणि काडतूस अलगद काढलं. बाबा समोर खुर्चीवर बसून होता. मी लिव्हर परत बसवला. तो पुन्हा तिथंच अडला.

काडतूस वर उचलणारी छोटी पट्टी वाकली होती. कुणीतरी कधीकाळी जोर लावला असणार. ती थंडच, हळूहळू सरळ करायला हवी होती. पण बाबा सारखा विचारत होता, "झालं?" मी पट्टी लालबुंद तापवली, ठोकून सरळ केली आणि हाताच्या सवयीनं पाण्यात बुडवली. टक् झालं. बाहेर काढली तेव्हा मधोमध तडा होता. चिमट्यातच तिचे दोन तुकडे झाले.

पंचवीस वर्षं लोखंडात घालवलेला माणूस मी. असलं पोलाद पाण्यात घालू नये, हे मला माहीत होतं.

"बाबा, मोडली. माझ्या हातून मोडली."

त्यानं दोन्ही तुकडे तळहातावर घेऊन अंगठ्यानं चाचपले. "खलास," एवढंच म्हणाला. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो उठला, दाराची चौकट हातानं शोधत निघून गेला.

मी पोलादाच्या तुकड्यातून नवी पट्टी घासायला घेतली. पहिली जाड झाली, दुसरी आखूड. तिसरी बसली, पण लिव्हर वर जाईना. मोजायला नीट नमुनाच उरला नव्हता. रोज जेवणाच्या सुट्टीत कानस घेऊन बसायचो आणि वाटायचं, आपल्याला काहीच येत नाही, इतकी वर्षं लोकांनी फुकट विश्वास ठेवला.

चौथी पट्टी हातात असताना मालकाचा मुलगा आला. बाबा अंथरुणाला खिळल्याचं त्यानंच सांगितलं. मी म्हणालो, "चार दिवस द्या, इन्शाल्ला जमेल."

"राहू दे," तो म्हणाला. "आता तो मलाही ओळखत नाही."

त्यानं रायफल चादरीत गुंडाळून गाडीत ठेवली. मोकळे स्क्रू मी एका डबीत घालून त्याच्या हातात दिले.