टोपीवाला गायक आणि कांद्याचा वाफा

गाव सोडलं असं म्हणायला किती लांब जावं लागतं? माझं गाव सिन्नरच्या पुढे, कॉलेज नाशिकला गंगापूर रोडवर. जीपने सिन्नर, तिथून एसटी. सकाळी निघालं की दुपारच्या जेवणाला पोचता येतं. तरी होस्टेलला निघाले तेव्हा माझी पेटी टपावर चढताना पाहून आई रडली. अण्णा चिडले, "अगं, नाशिकला चाललीय पोरगी, चंद्रावर नाय!"

अण्णा म्हणजे माझे वडील, कारखान्यातल्या युनियनचे. त्यांची पत्रकं वाचतच मी अक्षरं शिकले. जीप हलताना म्हणाले, "लिहिशील ते गेटवर उभ्या उभ्या वाचता आलं पाहिजे. वाक्य लांबलं की माणूस पुढं निघून जातो."

माध्यमांच्या वर्गात मला प्रकल्प मिळाला: अमेरिकेतल्या कंट्री गाण्यांच्या, म्हणजे त्यांच्या गावाकडच्या गाण्यांच्या, व्हिडिओंमधले ठरलेले संकेत. सायबर कॅफेत एक गाणं उघडेपर्यंत चहा गार व्हायचा. बघावं तिथे तेच. रुंद काठाची टोपी, पिकअप गाडी, कुंपणाला टेकलेला गायक, सोनेरी ऊन, घरी परतायची ओढ. मागे नजर पोचेल तिथवर शेत, आणि शेतात वाकलेलं कुणीच नाही! माझं डोकं फिरलं. प्रकल्पाच्या शेवटी 'आमच्या मागण्या' असा मथळा देऊन मी ठणकावलं, राबणारी माणसं दाखवा.

मॅडम हसल्या. "हा प्रकल्प आहे की मोर्चाचं पत्रक? आता याच संकेतांवर आपल्याकडचं एक गाणं चित्रित करून आण."

आईचं कांदा लागणीचं गाणं घ्यायचं ठरवलं. होस्टेलवर ते कागदावर उतरवायला बसले, तर पहिल्या ओळीपुढे काही आठवेना. लहानपणापासून म्हटलेलं गाणं! गाव खरोखर सुटलं, असं मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं आणि भीती वाटली.

कॉलेजचा कॅमेरा आणि मैत्रीण मीनल, दोघांना घेऊन गावी गेले. लागण करणाऱ्या बायकांना त्या टोपीवाल्या गायकाबद्दल सांगितलं आणि आईला वाफ्यातून काढून बांधावरच्या बाभळीला टेकून उभं केलं. "आता गा."

"उभ्यानं? हात चालल्याबिगर गाणं कुठून येईल?"

वाफ्यातून सखूमावशी ओरडली, "तुझ्या त्या टोपीवाल्याला बोलाव की! एक वाफा लावू दे, मंग बघू कसा गातो!" बायका खदखदल्या. आई पदर खोचून परत वाफ्यात.

कॅमेरा मीनलकडे देऊन मीही उतरले. गार चिखल, डाव्या हातात रोपांची जुडी. अंगठा रोपं दाबत चालला. बायकांनी पहिली ओळ उचलली आणि दुसरी माझ्या तोंडून आपोआप आली, मग तिसरी. आई न वळताच म्हणाली, "दाट लावू नको." तिच्या लेखी मी कुठे गेलेच नव्हते.

मीनलने टिपलेलं गाणं वर्गात दाखवलं, तेव्हा मॅडमनी विचारलं, "गायिकेचा चेहरा कुठाय?"

"कामात आहे, मॅडम."

पास झाले. आता नाशिकलाच राहते, लिहिते, सुखात आहे. पण दर लागणीला गावी जाऊन वाफ्यात उतरते, माझी कंबर दुखते, आणि ती दुखली की खरंच घरी जाऊन आल्यासारखं वाटतं.

तुम्हीही कुठून तरी निघाला असाल. मागणी एकच: यंदा गावी जाल तेव्हा फोटो दुसऱ्याला काढू द्या, तुम्ही वाफ्यात उतरा. आणि गावात राहिलेल्यांनो, आमची रोपं वाकडी लागली तर पोटभर हसा, पण जुडी हातात द्या.