मीच पडले

धडक बसली तेव्हा माझ्या तोंडून "आई गं" निघालं आणि तिथेच घोटाळा झाला. "अय्यो" म्हणून ओरडले असते तर पुढचं काहीच झालं नसतं.

तंजावरात कीळवासलच्या वळणावर गल्लीतून एक मोटार न बघता बाहेर आली आणि माझी स्कूटर उडाली. मी उजव्या हातावर आपटले. सत्तरीचे एक गृहस्थ मोटारीतून उतरून धावत आले, माझं "आई गं" ऐकून थबकले आणि वाकून त्यांनी पहिला प्रश्न केला, "कोणाच्या घरच्या तुम्ही?"

आम्ही तंजावरची मराठी माणसं अशीच. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. रस्त्यात कुणाच्या तोंडून मराठी ऐकू आली की नातं काढल्याशिवाय आम्हाला पुढे पाऊल टाकवत नाही. माझं मनगट भलत्याच दिशेला वळलेलं, भोवती बघ्यांची गर्दी, आणि मी धुळीत पडल्या पडल्या आजोळची माहिती देते आहे! दोन मिनिटांत निष्पन्न झालं. माझ्या आईच्या मावसभावाचे ते मेहुणे. म्हणजे मला मामाच.

त्याच मामांनी मला इस्पितळात नेलं. कसं झालं, असं डॉक्टरांनी तमिळमध्ये विचारलं. मामा बाजूला उभे होते, चेहरा पांढराफटक. मला त्यांची दया आली. मी म्हटलं, "वळणावर स्कूटर घसरली. मीच पडले." त्यांनी मला तसं बोलायला सांगितलं नव्हतं, हे इथे लिहिलंच पाहिजे. डॉक्टरांनी अपघाताच्या रजिस्टरात ते टिपून घेतलं आणि माझा हात एक्स-रेला पाठवला. पोलिसात कुणी गेलं नाही.

प्लास्टर होतं तोवर मामांच्या घरून रोज डबा येत होता. उडदाचं पीठ दह्यात कालवलेली डांगर पच्चडी, भात, कधी पोळी. डब्याबरोबर मामा स्वतः येत आणि म्हणत, "अस्कं बरं होईल, बघा." अस्कं म्हणजे सगळं. नातेवाइकांत माझ्या समजूतदारपणाचं कौतुक चाललं होतं. खोटं कशाला बोलू, मला ते आवडत होतं.

प्लास्टर निघालं आणि उजव्या हाताची शेवटची दोन बोटं वळेनात.

राजवाड्यामागच्या गल्लीत माझा टायपिंगचा क्लास आहे. नवरा गेल्यापासून घर त्यावर चालतं. सरकारी परीक्षेला बसणाऱ्या मुली सकाळ-संध्याकाळ येतात, नऊ मशिनं खडखडत असतात, आणि मी मागे उभी राहून नुसत्या आवाजावरून कुणाचं बोट चुकलं ते सांगते. पण नवीन मुलीला शिकवायचं तर आधी स्वतः मारून दाखवावं लागतं. मी बसले. डावा हात झरझर चालला, उजव्याची दोन बोटं कळांवर नुसती टेकून राहिली. मुलींनी माना खाली घातल्या. बोटं पूर्वीसारखी होतीलच असं नाही, असं हाडांचे डॉक्टर म्हणाले. त्या आठवड्यात दोन मुली दुसऱ्या क्लासला गेल्या. मला घरात बसवेना, क्लासात उभं राहवेना. या मशिनपासून त्या मशिनपर्यंत नुसत्या फेऱ्या. कुणी कसं आहे विचारलं की मी वसकन अंगावर जायची.

माझी एक जुनी विद्यार्थिनी आता कोर्टात वकिली करते. तिच्याकडे गेले. तिने सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, "मिस, इस्पितळात पहिल्यांदा काय सांगितलंत?"

मी सांगितलं. तिने पेन खाली ठेवलं.

मग तिने मला शिकवलं, मी तिला पहिल्या दिवशी शिकवलं होतं तसंच, एकेक अक्षर. नुकसानभरपाई मामांच्या खिशातून जायची नाही, ती त्यांच्या गाडीच्या विमा कंपनीने द्यायची; गाडीवर तो विमा याचसाठी सक्तीचा असतो. ती नुसती औषधपाण्याची नसते. हात गेला म्हणून जे काम गेलं आणि पुढे जाईल, तेही त्यात मागता येतं. कायद्याने सहा महिन्यांची मुदत आहे आणि तिच्यातले चार मी डबे खाण्यात आणि फेऱ्या मारण्यात घालवले होते. "पण तुम्ही स्वतःच पडलात असं रजिस्टर म्हणतं," ती म्हणाली. "कंपनीचा वकील तेवढा एक कागद वाचून दाखवेल आणि खाली बसेल. उशिरा का होईना, तक्रार द्या. ज्यांनी धडक दिली ते खरं बोलले तर निभेल."

मला स्वतःचा इतका राग आला की बस सोडून मी घरापर्यंत चालत गेले. हक्क कळला तोही असा, आपल्या हाताने अर्धा घालवल्यावर.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामांच्या घरी. मामींनी कॉफी आणली, मामांनी हाताची चौकशी केली. मी "मामा" म्हणून सुरुवात केली आणि अडकले. पुन्हा केली, पुन्हा अडकले. जन्मात कधी मी मराठीत परक्या माणसाशी भांडले नव्हते. या भाषेत मला सगळी घरचीच माणसं भेटली होती. त्यांना "तुम्ही धडक दिलीत" म्हणून कसं सांगायचं, ते मला येतच नव्हतं. शेवटी मी तमिळमध्ये बोलले. मामाही नाही म्हटलं, परक्या साहेबाला म्हणतात तसं सार म्हटलं. सार, तुम्ही न बघता आलात. सार, माझी बोटं चालत नाहीत. पैसे कंपनी देईल, पण तुम्हाला पोलिसांना खरं सांगावं लागेल.

मामी दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. मामा मराठीतच म्हणाले, "या वयात ठेसनात जाऊन, बाईमाणसाला पाडलं म्हणून सांगू की मी?"

"हो," मी म्हटलं. मला लाज वाटत होती आणि तरी मी उठले नाही.

ते आत गेले. आता बाहेर येत नाहीत असं मी धरून चालले. आले ते शर्ट बदलून, खिशात लायसन घालून.

स्टेशनात हवालदाराने माझी तक्रार लिहून घेतली, मग मामांना विचारलं. मामांनी मान खाली घालून सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. हवालदार माझ्याकडे वळला. या सारनी धमकी दिली होती का, म्हणून तुम्ही इस्पितळात खोटं सांगितलंत? त्याचा आवाज सहानुभूतीचा होता. नुसती मान हलवली असती तरी माझी बाजू भक्कम झाली असती, उशिराचंही कारण मिळालं असतं. मामांनी वर पाहिलं नाही. मी काय म्हणेन याची त्यांना खात्री नव्हती, आणि सकाळपासून मी त्यांना जे ऐकवलं होतं त्यानंतर ती असायचं कारणही नव्हतं.

"धमकी नव्हती," मी म्हटलं. "खोटं माझं होतं. माझ्या नावावर लिहा."