गोठिवलीची इंग्लंडवाली

गोठिवलीत एखाद्याच्या घरी काय घडलं ते आधी बॅनरवर येतं आणि मग घरच्यांना कळतं. बारसं, दहावीचा निकाल, हळद, नवी गाडी, त्या गाडीचा पहिला वाढदिवस, सगळं वीस बाय दहाच्या फ्लेक्सवर. यातले निम्मे बॅनर रबाळे स्टेशनाबाहेरच्या धनेशच्या दुकानात छापले जात, आणि ते रचायचं काम त्याची धाकटी बहीण भाविका करत असे. आठ वर्षं तिने ते केलं. पुढाऱ्याच्या डोळ्यावर गॉगल बसव, गळ्यातली चेन जाड कर, खाली शुभेच्छुकांची बत्तीस डोकी ओळीत लाव, आणि त्यातलं एखादं डोकं मागच्या ओळीत गेलं म्हणून त्या डोक्याच्या मालकाच्या शिव्या खा. तिला या कामाची शिसारी होती आणि ती तिने कधी लपवली नाही. "दादा, हे डिझाइन नाय, ही खानेसुमारी हाय," असं ती धनेशला तोंडावर म्हणायची. तो हसायचा. गिऱ्हाईक खूश होतं, त्याचं काय बिघडत होतं?

संध्याकाळी दुकान बंद झालं की ती स्वतःचं शिकायची. अक्षरांची वळणं, रंगांचा मेळ, मोकळ्या जागेचा उपयोग. कुणी शिकवलं नाही, कुणी फी भरली नाही. इंटरनेटवर कामं टाकता टाकता इंग्लंडमधल्या लीड्स शहरातल्या एका स्टुडिओने तिला हेरलं. आधी तीन महिने घरून काम कर, जमलं तर नोकरी देऊ आणि व्हिसाही आम्हीच स्पॉन्सर करू, असं त्यांचं म्हणणं. तिकडची पद्धत अशी की, कंपनीने 'ही बाई आम्हाला हवी आहे' असा कागद काढला तरच सरकार व्हिसा देतं. माणूस कितीही गुणी असो, तो कागद नसेल तर त्याला दारातही कुणी उभं करत नाही.

त्या तीन महिन्यांत तिला एका जुन्या बिस्किट कंपनीचं नवं बोधचिन्ह करायला दिलं. स्टुडिओतल्या चौघांनी नमुने केले, आणि निवडला गेला गोठिवलीच्या पोरीचा. गव्हाची एक लोंबी, पण तीन रेघांत. कंपनी ते मार्चमध्ये वाजतगाजत जाहीर करणार होती. तोवर कुठे दाखवायचं नाही, कुणाला सांगायचं नाही, अशा कागदावर भाविकाने सही केली होती. सही अगदी मनापासून केली होती. चूक एवढीच की तिच्या लॅपटॉपचा पडदा लहान, म्हणून शेवटचा हात ती दुकानातल्या मोठ्या कॉम्प्युटरवर फिरवायची, आणि तिथेच 'लीड्स' नावाच्या फोल्डरमध्ये सगळं पडलेलं होतं. आपल्या घरचं दुकान, तिथे कसली आली चोरी, असं तिला वाटलं. चोरी झालीही नाही. झालं ते चोरीहून वाईट.

जानेवारीत नोकरीचं पत्र आलं, पाठोपाठ स्पॉन्सरशिपचा कागदही आला. वडील, गोटीराम, पत्र घेऊन गावभर फिरले. इंग्रजी त्यांना येत नव्हतं, पण पत्रावर तिचं नाव कुठे आहे ते विचारून ठेवलेलं, तेवढं ते बोटाने दाखवत. शहर वसवताना जमीन सरकारने घेतलेली, उरल्या तुकड्यावर बांधलेल्या चाळीच्या भाड्यावर घर चाललेलं, आणि 'गोटीरामने काय केलं आयुष्यात' हे भावकीचं जुनं कुजकट बोलणं. त्या सगळ्याला आता उत्तर मिळालं होतं. मग बॅनर निघणार हे ठरलेलंच. भाविकाने एक अट घातली, माझा बॅनर मीच करणार. तिने पांढऱ्या जागेत आपला एक फोटो ठेवला, खाली नाव आणि एक ओळ, बस्स.

धनेशने तो पाहिला आणि दुसऱ्या कामाला लागला. निवडणुकीला उभे राहणारे हरेशशेठ दुकानात आले होते, त्यांनी मात्र तोंडावर सांगितलं, "अरे, हा काय श्रद्धांजलीचा बॅनर हाय का? पोर जिवंत हाय ना?"

तेही खोटं नव्हतं. गावात पांढरा बॅनर आणि एकटा फोटो मेल्यावरच लागतो. मग धनेशने बहिणीच्या नकळत तो भरायला घेतला. वर हरेशशेठ हात जोडून, खाली बत्तीस शुभेच्छुक, मागे विमान, घड्याळाचा मनोरा. बहिणीच्या कंपनीचं चिन्हही हवं म्हणून त्याने 'लीड्स' फोल्डर उघडला आणि त्यातलं सगळ्यात देखणं उचललं. तीन रेघांची लोंबी बॅनरच्या मधोमध सोनेरी झळाळी देऊन बसवली. प्रेमाने केलं हो त्याने. नेमकं तेच नडलं.

बॅनर रातोरात नाक्यावर चढला. सकाळी भाविका तिथे आली आणि तिने वर पाहिलं. जगात अजून कुणी न पाहिलेलं चिन्ह चार फूट उंच होऊन रिक्षा स्टँडवर लटकत होतं. तिने तिथूनच धनेशला फोन लावला, आत्ताच्या आत्ता उतरव. पण बॅनरखाली गोटीराम उभे होते. पांढरा सदरा, टोपी, गळ्यात सकाळीच कुणीतरी घातलेला हार. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते थांबवत होते आणि वर बोट करत होते.

"बाबा, ह्यो उतरवायला लागंल. कंपनीचा नियम हाय."

"आज संध्याकाळी शेठ सत्कार करनार हायेत गो बाय. संध्याकाळपर्यंत राहू दे. मंग मीच उतरवतो."

ती बोलणार होती. माझी नोकरी जाईल, एवढे तीनच शब्द होते. पण चौसष्टाव्या वर्षी पहिल्यांदा हार घातलेल्या बापाकडे पाहून ते तिच्या तोंडून निघेनात. तिने हिशेब केला, लीड्समधलं कोण येतंय गोठिवलीच्या नाक्यावर? एका दिवसाने काय होतंय? भीड ही भिकेची बहीण म्हणतात ते उगाच नाही.

संध्याकाळी सत्कार झाला. शाल, नारळ, हरेशशेठचं पंचवीस मिनिटांचं भाषण, त्यात भाविकाचं नाव दोनदा आणि वॉर्डातल्या गटारांचा विषय अर्धा तास वाटावा इतका. धनेशने बॅनरसमोर उभं राहून व्हिडिओ काढला, इन्स्टाग्रामवर टाकला आणि खाली स्टुडिओच्या खात्याला टॅग करून लिहिलं, 'थँक्यू सर, आमच्या बहिणीला संधी दिल्याबद्दल'. पुढे हात जोडलेल्या चित्रांची रांग. गावाच्या वतीने आभार मानायला नकोत का?

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला. तिची वरिष्ठ फार सभ्य बाई होती. आवाज चढवला नाही, एक वाकडा शब्द नाही. बिस्किट कंपनी संतापली आहे, काम हातचं गेलं आहे, तुम्ही हे जाणूनबुजून केलं नसेल यावर आमचा विश्वास आहे, पण नेमणूक रद्द करावी लागते आहे आणि स्पॉन्सरशिप आम्ही मागे घेत आहोत. शेवटी 'पुढच्या वाटचालीला शुभेच्छा'. भाविकाला वाटलं, या बाईने एक सणसणीत शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

घरात तिने सांगितलं तेव्हा धनेश आधी हसलाच. "एका चित्रापायी? दुसरा चित्र काड त्यांना." मग त्याला समजलं आणि तो दुकानात जाऊन बसला, दोन दिवस जेवायला आला नाही. आई, मालतीबाई, डोळ्याला पदर लावून चुलीपाशी. गोटीराम मात्र रडले नाहीत, ओरडले नाहीत. ते सत्काराच्या शालीची घडी नीट करत राहिले आणि म्हणाले, "कोनला सांगू नका. ही जानार म्हनून सांगितला हाय, ही जानार."

कशी जाणार, हेही त्यांनीच ठरवलं. सीवूड्सला धनेशच्या मित्राची एक खोली रिकामी होती. तिथे राहायचं, दुसरी कंपनी शोधायची, मिळाली की खरंच जायचं. "दोन महिन्यांचा परश्न हाय," गोटीराम म्हणाले. भाविकाने हो म्हटलं. तिला अपराधी वाटत होतं, कारण त्या सकाळी बोलायचं ते ती बोलली नव्हती. आणि खरं सांगायचं तर तिलाही गावाला तोंड दाखवायचं नव्हतं. आपल्या गुणावर तिचा विश्वासही होता. दोन महिने म्हणजे काय मोठं.

मग निरोप झाला. गावदेवीला नारळ फुटला, बायकांनी ओवाळलं, कुणी मसाल्याची बरणी दिली, कुणी सुकटीची पिशवी दिली. विमानतळावर गर्दी चालत नाही असं सांगून धनेश एकटाच तिला गाडीत घालून निघाला. लोक हात हलवत होते तोवर दोघं हसत होते. ऐरोलीपर्यंत ते विमानतळाच्याच रस्त्याने गेले. मग गाडी वळवून पाऊण तासात ते सीवूड्सच्या चौथ्या मजल्यावर पोचले. धनेशने पंखा चालू करून पाहिला, नळ सोडून पाहिला, आणि बहिणीच्या पायाशी बसून हमसून हमसून रडला. तिला त्याचा राग होता आणि कीवही येत होती, आणि कुठलं आधी करावं ते तिला कळेना.

दोन महिन्यांचे सात झाले. बाहेरच्या प्रत्येक कंपनीच्या अर्जात एक प्रश्न असतो, आमच्या देशात काम करायचा हक्क तुम्हाला आहे का? ती 'नाही' वर खूण करायची आणि दोन-दोन मिनिटांत नकाराची मेल यायची. तिचं काम उघडून बघायच्या आधीच. जिथे बोलणं झालं तिथे, आधीची स्पॉन्सरशिप का गेली, हा प्रश्न आला, आणि खरं उत्तर ऐकून लोक हसू दाबायचे. पोटापुरती बारीकसारीक कामं ती ऑनलाइन करायची. खाली उतरताना मास्क आणि गॉगल. समोरच्या मॉलमध्ये गावातल्या पोरी येतात म्हणून मॉल बंद, रेल्वेचा प्लॅटफॉर्म बंद, आरतीचा आवाज आला तरी खिडकी बंद. परदेशी गेलेल्या माणसाला निदान रस्त्यावर फिरता तरी येतं.

आई फोन करायची ती शेजारणी बसलेल्या असताना, स्पीकरवर. "जेवलीस का बाय? तिकडं भात मिलतो का?" भाविका लीड्सचं हवामान मोबाइलवर बघून ठेवायची आणि विचारलं की सांगायची. एकदा बर्फाचे फोटो मागितले तेव्हा तिने बसून बर्फ तयार केला, अंगणासकट, स्वतःला लाल कोट घालून. कामात कुठे चूक नव्हती. गोटीरामांनी तो फोटो फ्रेम करून दर्शनी भिंतीला लावला. चुलतबहिणीची हळद झाली तेव्हा 'सुट्टी नाय मिलाली' म्हणून तिच्या नावाचं पाकीट धनेशने दिलं. लोक म्हणाले, पोर मोठी झाली.

ऑगस्टमध्ये वाशीतल्या एका स्टुडिओने तिला बोलावलं. माणसं जाणती होती. तिचं काम त्यांनी तासभर पाहिलं, लोंबीची गोष्ट ऐकून कुणी हसलं नाही, आणि नोकरी दिली. चांगल्या पगाराची, तिच्या मनासारख्या कामाची, सोमवारपासून. ती खोलीवर आली आणि सात महिन्यांत पहिल्यांदा तिने पोटभर खाल्लं. मग वडिलांना फोन केला.

"वाशीला?" गोटीराम म्हणाले. "अर्धी गावकी वाशीच्या मार्केटात असते. कोनतरी बघंल. नको. नाय म्हनून सांग त्यांना."

"बाबा, आता बास झाला."

"वरीसभर थांब. मंग सुट्टीला आली असं सांगू."

तिने फोन ठेवला. तिला राग आला होता, आणि तो या वेळी तिने गिळला नाही. दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, मास्क न लावता ती रबाळ्याला उतरली आणि चालत गावात शिरली. रिक्षावाल्यांनी ओळखलं, वाणी दुकानाबाहेर आला. जो भेटला त्याला तिने थांबून सांगितलं. मी गेलेच नव्हते काका, सीवूड्सला होते, उद्यापासून वाशीला कामाला लागतेय. काहींना ती थट्टा वाटली. एका म्हातारीने तिचा हात धरून ठेवला.

दार मालतीबाईने उघडलं. सात महिन्यांनी लेक समोर होती. तिने लेकीला दंडाला धरून आत ओढलं, दार लावून घेतलं आणि विचारलं, "कोनी बगला का तुला?"

"सगल्यांनी. मीच सांगितला सगल्यांना."

मालतीबाईने खिडकीही लावून घेतली. गोटीराम खाटेवर होते. बाहेरचं सगळं त्यांच्या कानावर आलेलं असणार, कारण हातातला चहा तसाच होता. भाविका त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. तिला वाटलं होतं, ते ओरडतील, हात उगारतील, आणि मग कधीतरी सगळं निवळेल. बापलेकीचं निवळतंच. तिने त्यांच्या पायाला हात लावला. त्यांनी पाय मागे घेतले.

"बाबा, मी आलेय."

गोटीरामांनी तिच्याकडे पाहिलंच नाही. त्यांनी बायकोला हाक मारली आणि शांतपणे, अगदी परक्या माणसाबद्दल बोलावं तसं म्हणाले, "ही जी कोन आली हाय, तिला चहा दे आनि वाटंला लाव. आपली पोर इंग्लंडला हाय."