परत न आलेल्या मुली

हे मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही. परवा शाळेतला जुना संगणक लावला, तापलेल्या धुळीचा वास आला आणि चौसाळ्याकडच्या शाळेतली ती आठवीतली मुलगी आठवली. तिथल्या पत्र्याच्या खोलीत मुलांनी शाळा सोडून गेलेल्यांची माहिती संगणकात भरली होती: इयत्ता, कारण, परत आले का. "आता चाळणी, म्हंजे फिल्टर लावा, अन् जे दिसेल त्याला प्रश्न विचारा," मी म्हणालो. तिनं विचारला. "सर, कारण समद्याचं ऊसतोडच लिवलंय. मग पोरं उन्हाळ्यात परत आली, पोरी कावून न्हाई?" मागून एक जण ओरडला, "लग्नाची बुंदी खात बसल्या आसतील!" वर्ग हसला. ती जवळ येऊन हळूच म्हणाली, "सर, माझं बी ठरलंय. तुमी बाबांला सांगा ना." ऊसतोड हे कारण मीच लिहायला सांगितलं होतं, खरं लिहिलं तर चौकशी लागली असती. "तास संपला," म्हणून मी संगणक बंद केला. दिवाळीनंतर ती आली नाही. शाळेच्या रजिस्टरात तिच्या नावापुढे 'ऊसतोड' मी माझ्या हातानं लिहिलं. ते खोडून तिथं 'लग्न' लिहिणं आणि खाली माझी सही करणं अजून राहिलं आहे.