न धुतलेला कोट

माझा मामा खुर्चीत बसतो तेव्हासुद्धा उभाच असतो. बूड टेकतं न टेकतं तोच त्याला समोरच्या माणसाच्या कॉलरवर डाग दिसतो, आणि त्या माणसाचं बोलणं संपेपर्यंत मामाचा अंगठा स्वतःच्याच बोटावर घासत राहतो. चौतीस वर्षं लॉन्ड्री चालवली की माणसाचं असं होत असावं. गिऱ्हाईक दारात दिसलं की तो विचारतो, "साधी की कडक?" म्हणून सगळा रस्ता त्याला कडकशेठ म्हणतो. मामी म्हणते, "बाहेर कडक, घरात चुरगळलेला."

लॉन्ड्रीच्या मागच्या खोलीत मामाचे बेचाळीस जुने लष्करी कोट आहेत. सुरुवात एकाच कोटानं झाली. कुणी सैनिक तो धुवायला टाकून गेला आणि परत आलाच नाही. वर्षभर कोट 'न नेलेले कपडे' लिहिलेल्या फळीवर पडून होता. एका दुपारी मामानं तो अंगात घालून पाहिला. बाह्या बोटांच्या टोकांपर्यंत आल्या. त्याच्या डोक्यात काय शिरलं देव जाणे, दुसऱ्या दिवशी तो दुकान मामीवर टाकून भंगारवाल्याकडे गेला.

त्या काळी असल्या कपड्यांना कुत्रं विचारत नव्हतं. भंगारवाला नाकातून बोलायचा. "न्या हो, न्या. आम्ही यानं इंजिनं पुसतो. फक्त बटणं काढून घेतो, ती पितळेत जातात."

"बटणं काढू नका," मामा म्हणायचा.

"बटणांसकट? म्हणजे घालणार की काय?"

दहा-बारा वर्षांनी तेच कोट रविवारच्या बाजारात टांगलेले दिसायला लागले. तिथला विक्रेता कुजबुजायचा. "शेठ, एक चीज आहे. सगळ्यांना दाखवत नाही." असं म्हणून सगळ्यांना दाखवायचा. आता प्रत्येक कोटाला एकेक सेनापती मिळाला होता. "हा घालूनच साहेब नदी पार झाले." मामा कोट उलटा करून आतली शिवण बघायचा आणि म्हणायचा, "साहेब पार झाले असतील. कोट काठावरच राहिलेला दिसतो."

आणि आता सगळा बाजार फोनमध्ये. कोट कुणी हातात घेत नाही, वास घेत नाही, फोटो बघून भांडतात. नवे कोट चहात उकळून, विटेनं घासून, म्हातारे करून विकणारे निघालेत, त्यामुळे खऱ्यावरही कुणाचा विश्वास नाही. एक पोरगा आवाज जाड करून संदेश पाठवतो, "अंकल, पीस मस्त आहे. पण टॉर्च मारला का? टॉर्च मारल्याशिवाय बोलूच नका."

टॉर्च म्हणजे जांभळ्या उजेडाची बॅटरी. जुनी लोकर, जुना दोरा त्या उजेडात काळे राहतात. हल्लीचा दोरा पांढरा चमकतो. आणि कपडे धुवायची पावडरही चमकते.

मामानं टॉर्च मागवला, पडदे ओढले आणि मारला. एक्केचाळीस कोट पेटल्यासारखे उजळले. कारण घरी आलेला प्रत्येक कोट मामानं पहिल्याच दिवशी पावडर घालून धुतला होता, उसवलेलं शिवलं होतं, इस्त्री केली होती.

"धुवायचे कशाला?" त्या पोरानं विचारलं.

"मग आणलेल्या कपड्याचं काय करायचं? त्याच्याशी गप्पा मारायच्या?"

बेचाळिसावा मात्र काळाच राहिला. तो ओव्हरकोट दोन गल्ल्या सोडून राहणाऱ्या आजीबाईंनी दिलेला, त्यांच्या नवऱ्याचा. एकोणीस वर्षांपूर्वी देताना त्यांनी दोन अटी घातल्या होत्या. "धुवायचा नाही, त्याच्या तंबाखूचा वास आहे. आणि लोकांना दिसेल असा टांगायचा. कपाटात काय, मीही ठेवू शकते." मामानं शब्द दिला. पहिली अट त्यानं दात-ओठ खाऊन पाळली. लॉन्ड्रीवाल्याच्या घरात न धुतलेला कोट म्हणजे चपलेतला खडा. दुसरी मात्र राहूनच गेली. दर सोमवारी तो त्यांच्या चादरी पोचवायला जातो. आता त्या एक्क्याण्णव वर्षांच्या आहेत आणि दारातच विचारतात, "लागला का?" मामा म्हणतो, "बघतोय." एकोणीस वर्षं त्याचं हेच उत्तर.

शेवटी मामानं संग्रहालयाला कळवलं आणि तिथून फोन आला. कोट तपासायला तिथल्या एक बाई गुरुवारी अकराला येणार होत्या. म्हणाल्या, "कृपया कशालाही हात लावू नका."

आठवडाभर मामाच्या पायाला भिंगरी. इस्त्री करता करता उठायचा, मागच्या खोलीत जायचा, यायचा, पुन्हा जायचा. एका गिऱ्हाइकाची पँट त्यानं दोनदा कडक केली, दुसऱ्याची केलीच नाही.

"अहो, पळून जाणार आहे का तो कोट?" मामी म्हणाली.

"कोट नाही गं. बटण."

ओव्हरकोटाचं वरून तिसरं बटण एका दोऱ्यावर लोंबत होतं. आजीबाईंनी दिला तेव्हापासून लोंबत होतं.

गुरुवारी सकाळी साडेनऊला मामी मागच्या खोलीत गेली, तर मामा दातानं दोरा तोडत होता.

"काय केलंत?"

"काही नाही."

"हात लावू नका म्हणाल्या होत्या ना त्या?"

"हात कुठे लावलाय? सुई लावली."

"दोरा कुठला?"

मामानं हातातल्या रिळाकडे बघितलं. रोजचाच, मजबूत, चकचकीत. त्याचा चेहरा धुऊन पिळल्यासारखा झाला.

"कापून टाका," मामी म्हणाली.

"कापला तर बटण सुटं होईल. सुटं बटण कुणाचंही असतं."

संग्रहालयाच्या बाई अकराला आल्या. त्या प्रत्येक वाक्य असं संपवायच्या की जणू खणात ठेवून खण लावून घेतला. पडदे ओढले. टॉर्च लागला. "धुतलाय. हाही धुतलाय. हा दोनदा."

"स्वच्छ आहेत हो," मामा म्हणत राहिला. "अगदी स्वच्छ आहेत."

एक्केचाळीस झाले. मग त्यांनी ओव्हरकोट घेतला. कॉलर काळी. बाह्या काळ्या. अस्तर काळं. मामा एकदा या पायावर, एकदा त्या पायावर. आणि मग तिसरं बटण, मधोमध चार पांढरेशुभ्र टाके.

"हे काय आहे?"

मामी छताकडे बघायला लागली. आजीबाईंनी लावलं असेल, एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. विचारायला कोण जाणार होतं?

"मीच लावलं," मामा म्हणाला. "आज. साडेनऊला."

"मी फोनवर सांगितलं होतं."

"हो."

"मग?"

"बाई, ते लोंबत होतं."

टॉर्च बंद झाला. मग बाईंनी विचारलं, "अस्तराला रफू आहे, जुनं. ते कुणाचं?"

"ज्यांचा कोट, त्यांच्या बायकोचं. ते रजेवर आले तेव्हाचं. घरात दोरा नव्हता, म्हणून पडद्यातून काढला. उजेडात बघा, जरा हिरवट आहे."

"तुम्हाला कसं माहीत?"

"आजीबाईंनाच विचारलं ना. आधीचा टाका कुणाचा, हे कळल्याशिवाय मला पुढचं काही सुचत नाही."

बाईंनी पडदा बाजूला केला आणि वही उघडली. "लोक आजोबांचा कोट म्हणून आणतात. आजोबांचं नाव विचारलं की फोनमध्ये शोधतात. पुन्हा सांगा. सावकाश."

सावकाश मामाला काही जमलं नाही. पण त्यानं सगळं सांगितलं. आजीबाईंचं घर, त्यांची अट, खिशात सापडलेली तंबाखूची पुरचुंडी. एक्केचाळीस कोट बाईंनी नेले नाहीत. ते पुन्हा न नेलेल्या कपड्यांतच जमा झाले. ओव्हरकोट मात्र त्यांनी पांढऱ्या कापडात गुंडाळला.

"आणि बटण?" मामानं विचारलं.

"तसंच राहील. कापायचं नाही, पुन्हा शिवायचं नाही. कार्डावर लिहीन."

महिन्याभरानं मामा-मामी आजीबाईंना चाकांच्या खुर्चीत बसवून संग्रहालयात घेऊन गेले. काचेच्या कपाटात ओव्हरकोट, खाली कार्ड. 'अस्तराचे रफू पत्नीने केलेले. तिसरे बटण नंतर लावलेले.' आजीबाईंनी मान पुढे काढून बघितलं.

"लागला," त्या म्हणाल्या.

मामा शेजारच्या बाकावर बसला. अगदी पाठ टेकून बसला. मामी बघतच राहिली.

"बटण कुणी लावलं हो?" आजीबाई म्हणाल्या. "तिरकं लागलंय."

मामा ताडकन उठला. खरंच होतं. बाकीच्यांच्या रांगेतून अर्धं बोट बाहेर. घाईत लावलेलं. त्यानं कपाटाला एक फेरी मारली, दुसरी मारली, तिसऱ्या फेरीत काचेला नाक लावलं.

"काका, काचेपासून लांब," पहारेकरी म्हणाला.

मामा वळला आणि गिऱ्हाइकाशी बोलायचा आपला सगळ्यात गोड आवाज काढून म्हणाला, "या कपाटाची किल्ली कुणाकडे असते हो?"