उपोषणाची सेकंड शिफ्ट

विद्यापीठात एम.एस्सी.च्या राखीव जागा दरवर्षी रिकाम्या राहायच्या आणि बोर्डावर लिहिलेलं असायचं, लायक उमेदवार मिळाला नाही. मी बी.एस्सी.ला फर्स्ट क्लास मिळवून त्याच बोर्डाखाली उभी होते. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. यंदा प्रवेश हुकला असता, तर मावशीने आणलेलं स्थळ दारात उभंच होतं.

आम्ही बौद्ध पोरापोरींनी ठरवलं, विद्यापीठाच्या दारात उपोषणाला बसायचं. आमचा पुढारी वकिलीच्या शेवटच्या वर्षाला होता आणि त्याला आमरणच हवं होतं. पिंपरीला आमच्या वस्तीत बैठक भरली, तेव्हा माझ्या बाबांनी त्याला मध्येच अडवलं. बाबा कंपनीत लेथ मशीनवर होते.

"आमरण म्हंजी? रिलिव्हर कोन येनार?"

"काका, आमरणात रिलिव्हर नसतो."

"मग ते आपल्याला जमायचं न्हाई."

सगळ्या काकालोकांनी माना डोलावल्या. मग साखळी उपोषण ठरलं, तेही तीन शिफ्टमध्ये. बदली माणूस सतरंजीवर टेकल्याशिवाय आधीच्याने उठायचं नाही, हा कंपनीचा नियम तिथेही लागू झाला. पोरं कमी पडायला लागली तसे बाप आणि काका बदलीला यायला लागले. कंपनीत फर्स्ट शिफ्ट करून आलेला माणूस इथे सेकंड शिफ्टला उपाशी बसायचा. ज्याची ड्यूटी संपे, तो तिथेच मांडवाला टेकून डबा उघडायचा. पेपरवाला फोटो काढायला आला, तर 'उपोषण' लिहिलेल्या फलकाखाली तीन काका सुकटीबरोबर भाकरी हाणत होते. प्रवेशाचे साहेब खिडकीतून बघून हसायचे. हसा लेको, हसा, असं मी दातओठ खात पुटपुटायची.

प्रवेशाच्या मुदतीच्या शेवटच्या दिवशी माझी फर्स्ट शिफ्ट होती. दुपारी बाबा बदलीला आले. मी म्हटलं, आज मी थांबते.

"ओव्हरटाइम मंजूर न्हाई. घरी जाऊन जेव."

बाकीच्या पोरांनाही त्यांनी असंच पिटाळलं. मी घरी पोचते न पोचते तोच तिकडे साहेब बाहेर आले. वरून कुणीतरी कान उपटले होते म्हणे. "ज्यांना प्रवेश हवाय त्यांनी या. साडेपाचला दार बंद." सतरंजीवर होते बाबा आणि दोन काका.

साहेबांनी बाबांना विचारलं, "तुम्ही उमेदवार?"

"व्हय. बदली."

"शिक्षण?"

"चौथी."

साहेब कारकुनाकडे वळले. "लिहा. लायक उमेदवार मिळाला नाही."

मांडवात थांबलेल्या पुढाऱ्याने कुणाची तरी स्कूटर मिळवली आणि तो पिंपरीकडे सुटला. पहिलं घर माझं लागलं. इतरांना गाठायला वेळच नव्हता. आम्ही पोचलो तेव्हा शिपाई दाराला कडी घालत होता. मी धावले, तर बाबांनी माझा हात धरला.

"आधी बस. मला मोकळं कर."

"बाबा, दार बंद होतंय!"

"बस म्हनतो ना!"

काय करता! टेकले. बाबा उठले, मला उठवलं, पुन्हा स्वतः बसले आणि म्हणाले, "आता पळ." मी शिपायाला ढकलून आत घुसले. कारकुनाने लिहिलेलं खोडून माझं नाव घातलं. एवढंसं काम होतं ते!

मी नाचतच बाहेर आले. दोन्ही काका आवराआवर करत होते. बाबा मात्र सतरंजीवर तसेच बसलेले, पुढ्यात डबा बंद.

"बाबा, उठा! मिळाला प्रवेश!"

"तुजी जागा भरली. बाकीच्या पोरांच्या?"

मी वळून दाराकडे पाहिलं. आतले दिवे मालवले होते. माझा आनंद तिथल्या तिथे विरला.

"न्हाई ना भरल्या?" बाबा म्हणाले. "मग मी उठून चार्ज कुनाला देऊ?"